फक्करथ आणि पांगुळगाडा : काश्यपसंहितेंतील दोन अध्यायांविषयीं

नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहांतील एका ताडपत्री पोथीवरून काश्यपसंहिता हा ग्रंथ इ. स. १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापून प्रसिद्ध झाला. संपादनाच्या कामीं वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांचें साहाय्य होतें, व राजगुरूंनीं स्वतः ग्रंथास संस्कृतांत विस्तृत उपोद्घात जोडला. तो निराळा ग्रंथच म्हणावा इतका मोठा आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं कौमारभृत्य, म्हणजे बालकांचें संगोपन व चिकित्सा, हें एक अंग. त्यावरील प्राचीन संहिता म्हणून हीच काय ती आज आपल्या हातीं आहे, आणि तीही तुटकी. पोथीचा आरंभ नाहीं, शेवट नाहीं, मधलीं पानें जागोजाग गळालेलीं. सूत्रस्थानाचे पहिले अध्याय गेले ते गेलेच. लेहाध्यायाच्या सुमारास ग्रंथ हातास लागतो. ज्यांनीं बाडें चाळण्यांत डोळे घालविले आहेत त्यांस हें दुःख वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून विद्वानांचें लक्ष बहुतेक त्याच्या काळनिर्णयाकडे राहिलें. कश्यप कोण, वृद्धजीवक कोण, बौद्ध ग्रंथांतील जीवकाशीं त्याचें नातें काय, इ. स. १८९० त मध्य आशियांत कुचा येथें सांपडलेल्या बॉवर पोथींत कश्यप व जीवक यांच्या नांवावर बालकांचे जे योग आले आहेत त्यांचें मूळ कोणतें, या प्रश्नांचा खल पुष्कळ झाला. त्यांत भर घालण्याची आमची योग्यता नाहीं. ग्रंथाच्या संहिताकल्पाध्यायांत वृद्धजीवकाची जी उत्पत्तिकथा आहे तिच्याकडे मात्र वाचकांनीं एकदां लक्ष द्यावें. ऋचीकाचा हा मुलगा पांच वर्षांचा होता. पोराचें बोलणें म्हणून मुनींनीं त्याच्या तंत्राचा आदर केला नाहीं. तेव्हां त्यानें कनखल येथें सर्वांच्या देखत गंगेंत बुडी मारली, आणि क्षणांत अंगावर सुरकुत्या व डोक्यावर पांढरे केस घेऊन तो वर आला. मग मुनींनीं ऐकून घेतलें. लहान मुलांच्या वैद्यकाचा हा प्रवक्ता, ज्याचें कोणी ऐकत नव्हतें असें एक मूलच होता. पुराणांतरींच्या कथांवर आमचा फारसा भर नसतो. तथापि ही कथा रचणाराला आपला विषय नीट समजला होता असें म्हणावेंसें वाटतें.

आम्हांस या ग्रंथाची गोडी लागली ती मात्र असल्या वादांमुळें नव्हे. तें कारण घरगुती आहे. शोधपर लेखांत घरच्या गोष्टी आणूं नयेत हा दंडक आम्हांसही ठाऊक आहे. परंतु त्या न सांगतां पुढें गेलों तर आमचें म्हणणें अर्धेंच राहील. आमचा नातू आज अकरा वर्षांचा आहे. जन्मतांना त्याच्या मेंदूस प्राणवायु कमी पडला. लंडनचे डॉक्टर लिटल यांनीं १८६१ त अवघड प्रसूतीशीं ज्या व्यथेचा संबंध जोडून दाखविला व जीस हल्लीं सेरेब्रल पाल्सी म्हणतात, ती त्यास आहे. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, उजवी मूठ आवळलेली असते, आणि त्यास बोलतां येत नाहीं. समजतें पुष्कळ. सेवानिवृत्त झाल्यावर पोथ्या घेऊन बसावें असा आमचा बेत होता. तो सिद्धीस गेला. पण पोथी एका मांडीवर आणि नातू दुसऱ्या मांडीवर अशा रीतीनें. या स्थितींत काश्यपसंहिता वाचतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, तींतील निदान दोन अध्याय, सूत्रस्थानांतील वेदनाध्याय आणि चिकित्सास्थानांतील फक्कचिकित्सा, हे केवळ वैद्याच्या आसनावर बसून लिहितां येण्यासारखे नाहींत. त्यांतील ज्ञान रात्रंदिवस मुलापाशीं असणाऱ्या माणसाचें आहे. तें माणूस कोण, हें पोथी सांगत नाहीं.

प्रथम वेदनाध्याय घेऊं. जीं मुलें बोलत नाहींत त्यांस कोठें दुखतें हें कसें ओळखावें, असा तेथें वृद्धजीवकाचा प्रश्न आहे. उत्तरादाखल कश्यप एकेक व्यथा घेऊन तिचीं बाहेरचीं चिन्हें सांगतो. डोकें दुखत असेल तर मूल डोकें फार हालवितें, डोळे मिटून घेतें, कण्हतें, त्यास चैन पडत नाहीं व झोंप येत नाहीं. कान दुखत असेल तर दोन्ही हात कानांकडे नेतें, डोकें फिरवितें, खाण्यावरची वासना उडते, झोंप उडते. पोटांत शूळ असेल तर स्तन सोडून रडतें, उताणें पडतें, पोट ताठतें, अंग गार पडतें, तोंडावर घाम येतो. लघवीस त्रास असेल तर अंगावर शहारे येतात, ओठ चावतें, हात ओटीपोटाकडे जातो. याच रीतीनें ज्वर, तहान, अपस्मार, मुतखडा वगैरेंची लक्षणें दिलीं आहेत. औषधाचें नांव येथें नाहीं. सबंध अध्याय केवळ पाहण्याचा आहे.

आतां या यादींत झोंप न येणें हें चिन्ह पुनःपुन्हां येतें, त्याकडे पाहावें. वैद्य घरीं येतो तो दिवसाउजेडीं. आला तरी घटकाभर बसतो. मूल रात्रीं झोंपलें नाहीं हें त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय कळावयाचें नाहीं, आणि सांगणारा तोच, जो स्वतः झोंपला नाहीं. ओठ चावणें, शहारणें, हात ओटीपोटाकडे नेणें हीं चिन्हें क्षणाचीं आहेत; तीं लंगोट बदलणाऱ्या हातांखालींच दिसतात. ग्रंथांत आई आहे, धात्री आहे. परंतु त्या बहुधा ज्यांच्या दुधाची परीक्षा करावयाची अशा म्हणून आहेत. ज्यांच्या साक्षीवर अध्याय उभा आहे अशा म्हणून त्यांस कोणी उभें केलेलें नाहीं.

हें आमचें अनुमान निव्वळ तर्कानें निघालेलें नाहीं. आमच्या सूनबाईंनीं मुलाच्या दुसऱ्या वर्षापासून एक वही ठेविली आहे. हल्लीं चौदावी वही चालू आहे. तींत रोजचें खाणें, शौच, झोंप, अंगाचा ताठरपणा आणि त्या दिवशीं दिसलेलें जें जें नवें असेल तें तारीखवेळेसह लिहिलेलें असतें. भाषा अगदीं तुटक : ‘उजवा कान उशीस घांसला, पेज नको, दोनपासून जागा.’ हें वाक्य प्रथम वाचलें तेव्हां आम्हीं उठून संहिता काढली व कर्णवेदनेचें स्थळ त्यांस वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, “आप्पा, हें लिहिणाऱ्याच्या घरीं असें कोणी होतें का हो?” आम्हीं त्या वेळीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा उशिरां केलेला यत्न आहे.

याच अध्यायांतील आणखी एक स्थळ. अपस्माराचें चिन्ह म्हणून कश्यप अकस्मात् मोठ्यानें हसणें सांगतो. आम्हीं हें पूर्वीं वाचलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर प्राचीनांची एक विलक्षण समजूत म्हणून सोडून दिलें होतें. नातू तीन वर्षांचा असतां कधीं कधीं कारणावांचून खदखदून हसे. पाहुणे म्हणत, मूल मोठें आनंदी आहे. आम्हांसही बरें वाटे. एका डॉक्टरांनीं तर ही तक्रार ऐकून स्वतःच हसून विषय बदलला. सूनबाईंनीं मात्र वहींत हसण्याच्या वेळा मांडून ठेविल्या होत्या : हसणें सुमारें तितकाच वेळ टिके, त्या वेळीं डोळे एका बाजूस लागत, आणि मागून मूल गळून जाई. तीन महिन्यांची ती टिपणें दुसऱ्या एका डॉक्टरांनीं पाहिलीं, मेंदूचा आलेख काढविला, आणि हे अपस्माराचेच झटके आहेत असें सांगून औषध सुरू केलें. हसण्याच्या रूपानें येणारे झटके आजच्या वैद्यकास चांगले ठाऊक आहेत. ज्यानें तें चिन्ह ताडपत्रावर लिहिलें त्याला तें कोणीतरी असेंच मोजून सांगितलें असलें पाहिजे. संस्कृत येत असून आम्हांस जें दिसलें नाहीं तें संस्कृत न येणाऱ्या सूनबाईंस दिसलें, हें येथें नमूद करणें आम्हांस प्राप्त आहे.

आतां फक्काकडे वळूं. एक वर्षाचें होऊनही जें मूल पायांनीं चालत नाहीं तें फक्क, अशी ग्रंथकाराची व्याख्या आहे. धातुपाठांत फक्क् धातूचा अर्थ नीचैर्गति असा दिला आहे, आणि वैयाकरण त्याचे दोन अर्थ करतात : हळू चालणें, व वाईट वागणें. सावकाश चालणें आणि दुर्वर्तन यांस एकाच धातूंत कोंबणाऱ्या या स्पष्टीकरणावर आम्हीं विद्यार्थ्यांसमोर अनेकदां विनोद केला आहे. आतां तो विनोद करवत नाहीं. जें मूल वेळेवर चालत नाहीं तें जणूं कांहीं अपराध करतें आहे अशा दृष्टीनें त्याच्याकडे पाहणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले. तेव्हां हा श्लेष धातूचा नसून लोकांच्या मनाचा आहे.

फक्काचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला क्षीरज : कफदुष्ट दूध पिऊन मूल अनेक व्याधींनीं कृश होतें. दुसरा गर्भज : मूल अंगावर पीत असतांच आईस पुन्हां दिवस राहतात, दूध तुटतें, आणि मूल झिजत जातें, प्रसंगीं मरतें. तिसरा व्याधिज : ज्वरादि रोगांनीं मांस, बळ व कांति क्षीण झालेलें मूल. आधुनिक लेखकांनीं फक्क म्हणजे मुडदूस असें समीकरण बसवून टाकलें आहे, व पाठ्यपुस्तकांतून तें तसेंच चालत आलें आहे. आमच्या मतें हें समीकरण अपुरें आहे. गर्भज फक्काचें वर्णन मुडदुसास लागूं पडत नाहीं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनीं गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथें काम करतांना १९३३ त एका आजाराचें वर्णन केलें व १९३५ त त्याचें तेथील लोकांतलें क्वाशिओरकोर हें नांव जगापुढें आणलें. धाकटें भावंड आल्यामुळें थोरल्यास होणारा आजार असा त्याचा भाव आहे. गर्भज फक्काशीं तो किती जवळचा आहे हें वाचकांनींच पाहावें. तिकडे तिसऱ्या प्रकारांत कमरेखालचें अंग निश्चेष्ट असलेलें किंवा हात व गुडघे टेकून फिरणारें मूल वर्णिलें आहे; त्यांत आमच्या नातवासारखींही मुलें बसतात. म्हणजे फक्क हें एका रोगाचें नांवच नव्हे. वर्ष झालें आणि मूल चाललें नाहीं, हें घरांतल्या माणसांच्या प्रथम लक्षांत येतें. शेजारचें त्याच वयाचें पोर अंगणांत धांवूं लागलेलें असतें. व्याख्येची सुरुवात तेथें आहे. कारणांचा विचार वैद्यानें मागून जोडला.

व्याधिज फक्काचें वर्णन आम्हांस पहिल्या वाचनांत पुरें करवलें नाहीं. कुल्ले, बाहु व मांड्या सुकलेल्या, पोट, डोकें व तोंड मोठें दिसणारें, डोळे पिवळट, हाडांचा सांपळा दिसतो, मलमूत्र सारखें चाललेलें, माशा व किडे अंगावर बसतात, केस राठ, नखें वाढलेलीं, अंगास दुर्गंधि, स्वभाव रागीट, श्वास लागलेला. वैद्यकीय लक्षणें म्हणून ही यादी कोणीही वाचून जाईल. परंतु नखें वाढणें हें रोगाचें लक्षण नव्हे. मूठ आवळलेल्या मुलाचीं नखें कापणें हें किती अवघड काम आहे हें ज्यानें केलें आहे त्यालाच ठाऊक : एकानें बोटें एकेक करून उकलावयाचीं, दुसऱ्यानें कापावयाचीं, आणि मध्येंच मूठ मिटली तर थांबावयाचें. आमच्या घरीं रविवारीं सकाळीं हा कार्यक्रम असतो व त्यास पाऊण तास लागतो. तसेंच दुर्गंधि व माशा. अशा मुलास दिवसांतून सहा सात वेळां धुवावें लागतें. दुपटीं वाळत घालावयास पावसाळ्यांत घर पुरत नाहीं. लाळेनें गळ्याखालचें कातडें सोलतें, तें कोरडें ठेवावें लागतें. हीं कामें एक दिवस राहिलीं कीं मूल कश्यपाच्या वर्णनासारखें दिसूं लागतें. सारांश, त्या यादींतलीं निम्मीं लक्षणें रोगाचीं आहेत आणि निम्मीं, करणारे हात थकल्याचीं किंवा मुळींच नसल्याचीं आहेत.

हें ग्रंथकारासही कळलें होतें, असें एका शब्दावरून वाटतें. तो शब्द परिभूतक. मंदपणामुळें मूल परिभूत होतें, म्हणजे त्याची अवहेलना, हेळसांड होते, असें तो लक्षणांच्या ओळींतच सांगतो. तिरस्कार सोसणें हें लक्षण म्हणून नोंदविणारा दुसरा वैद्य आमच्या पाहण्यांत नाहीं. माधवनिदानांत गर्भिणीचें दूध पिणाऱ्या मुलाच्या आजारास पारिगर्भिक म्हटलें असून त्याचेंच परिभव असें दुसरें नांव दिलें आहे. दोन्ही ठिकाणीं एकच कल्पना आहे कीं नाहीं हें टीकाकार स्पष्ट करीत नाहींत. पण परिभव हा शब्द बालरोगांच्या प्रकरणांत दोनदां यावा, हा निव्वळ योगायोग असें आम्हांस वाटत नाहीं. चरकानें शारीरस्थानांत, मूल रडत असलें किंवा जेवत नसलें तरी राक्षसपिशाचांचीं नांवें घेऊन त्यास भिववूं नये असें बजाविलें आहे. ज्या घरीं असें मूल आहे तेथें भीति राक्षसांची नसते. लग्नाच्या मांडवांत कोणी आपलें पोर चटकन् बाजूस ओढून घेतें, ती असते.

चिकित्सेचा भाग आम्ही थोडक्यांत आटोपतों. घृतें, शोधन, औषधांनीं सिद्ध केलेलें दूध, मांसरस, राजतैलाचा अभ्यंग असा तो क्रम आहे. त्याच्या गुणावगुणांविषयीं बोलण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. नातवाचें औषध डॉक्टरांचें आहे. या सर्वांच्या ओघांत मात्र एक वस्तु येते, ती औषध नव्हे : तीन चाकांचा फक्करथ. तो शहाण्या वैद्यानें कारागिराकडून करवावा आणि त्याच्या आधारानें मुलानें हळूहळू गतीचा अभ्यास करावा, इतकेंच ग्रंथकार सांगतो. माप नाहीं, लांकूड कोणतें तें नाहीं, आकृति नाहीं.

मराठी वाचकास त्या वस्तूची ओळख करून देण्याची गरज नाहीं. आपल्या घराघरांतून जो तीन चाकांचा पांगुळगाडा असे व अद्यापि बाजारांत मिळतो, तोच हा. पांगुळ हा शब्द संस्कृत पंगुल याचें मराठी रूप होय. चालूं लागणारें धडधाकट मूल ज्याच्या आधारानें पहिलीं पावलें टाकतें त्या खेळण्याचें नांव पांगळ्याचा गाडा असें कां असावें, हा प्रश्न आम्हांस जन्मभर पडला नव्हता. धडधाकट पोरालाही त्या वयांत थट्टेनें पांगळें म्हणत असतील, हा एक मार्ग. दुसरा असा कीं, गाडा मुळांत पांगळ्या मुलांसाठींच होता. त्याचा उपयोग पाहून शेजाऱ्यांनीं आपल्या पोरांसाठीं करवून घेतला, आणि ज्याच्याकरितां तो निघाला तें मूल नांवांत तेवढें राहिलें. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. फक्करथापासून पांगुळगाड्यापर्यंत अखंड परंपरा होती असें सिद्ध करण्यास लागणारा पुरावा आमच्यापाशीं नाहीं, आणि तीन चाकें व एक आडवी दांडी ही कल्पना कोणत्याही सुताराला स्वतंत्रपणें सुचण्यासारखी आहे, हेंही मान्य करतों. तरीपण दोन भाषांतील दोन नांवांनीं एकाच तऱ्हेच्या मुलाकडे बोट दाखवावें, ही गोष्ट नोंदून ठेवण्यासारखी आहे. मराठी वाङ्मयांत पांगळा अन्यत्र येतो तो बहुधा रूपक होऊन. नाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा सर्व आहेत. पण ते जीवाच्या अवस्था सांगण्यासाठीं आहेत. लांकडाचा गाडा कोणाचें रूपक नाहीं.

नातू पांच वर्षांचा झाला तेव्हां आम्हीं असा गाडा करविण्याचें मनांत घेतलें. बाजारचा गाडा वर्षाच्या मुलाच्या मापाचा असतो. आमच्या आळींतील सुतार जुने, वयानें आमच्याहून मोठे. त्यांस आम्हीं तात्या म्हणतों. त्यांस आम्हीं ग्रंथाचा आधार सांगितला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला व विचारलें, “मास्तर, पोर उभं राहिलं की पुढं पडतं का मागं?” हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता, संहितेंतही नाहीं. त्यांनीं दोन दिवस येऊन मुलास नुसतें पाहिलें. पहिला गाडा झाला तो हलका. मुलानें अंग टाकतांच तो पुढें निसटला व मुलाची हनुवटी फुटली. त्या रात्रीं घरांत कोणी कोणाशीं बोललें नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं तात्या बोलावणें नसतां आले, त्यांनीं मागच्या चाकांच्या आंसांस सुतळी गुंडाळून तीं जड केलीं, तळाशीं एक फळी ठोकून तीवर दगड ठेविला, आणि काखेखालीं आधार होईल अशी कापड लावलेली अर्धवर्तुळाकार दांडी बसविली. मग गाडा ढकलल्याशिवाय चालेना. ग्रंथकारानें हळूहळू असा जो शब्द घातला आहे त्याचा अर्थ आम्हांस त्या सुतळीनें समजला. तो मुलास केलेला उपदेश नसून कारागिरास दिलेली सूचना आहे असें आम्ही आतां समजतों. दुसरा शब्द अभ्यास. मूल चालूं लागेल असें त्या ठिकाणीं म्हटलेलें नाहीं. गतीचा अभ्यास करावा असें म्हटलें आहे. सहा महिन्यांनीं आमचा नातू माजघराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, म्हणजे बारा फूट, गाड्यासह गेला. गाड्यावांचून तो आजही चालत नाहीं.

येथवर वैद्यकाचें झालें. अशा मुलाचें मोठेपणीं काय होई, हें धर्मशास्त्राकडे वळल्याशिवाय समजत नाहीं. मनूनें नवव्या अध्यायांत आंधळा, बहिरा, वेडा, जड, मुका इत्यादिकांस दायांतून वगळलें आहे, व लगेच पुढें, त्यांस यावज्जीव अन्नवस्त्र न देणारा पतित होतो असेंही सांगितलें आहे. याज्ञवल्क्याच्या यादींत पंगूचें नांव स्पष्ट आहे. तेथें दोन शब्द शेजारीं बसले आहेत : भर्तव्य व निरंशक. पोसावयाचे, पण वांटा नसलेले. त्यांच्या निर्दोष मुलांस मात्र वांटा आहे, आणि मुलींचें लग्न होईपर्यंत पोषण आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत एक सवलत दिली : औषधादिकांनीं दोष नाहींसा झाला तर विभागानंतरही वांटा मिळावा. ज्याचा दोष औषधानें जाणारा नव्हता त्याचें पुढें काय, याचें उत्तर भर्तव्य या एका शब्दांतच संपतें. मिताक्षरेच्या अनुयायांपुरता हा नियम १९२८ च्या बाराव्या कायद्यानें बराचसा रद्द झाला; तरीही जन्मापासून वेडा किंवा जड असेल तो वगळलेलाच राहिला. ती शेवटची अडचण १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानें गेली.

भर्तव्य या शब्दाचा व्यवहारांतला अर्थ आम्हीं लहानपणीं पाहिला आहे. आमच्या आईचे एक चुलते जन्मतः मुके व बहिरे होते. पहिला कायदा होण्यापूर्वींच्या वांटणीपत्रांत त्यांचें नांव एकाच ओळींत आहे : थोरल्यानें अन्नवस्त्र देत जावें. थोरल्यानें तें दिलें, यांत संशय नाहीं. आमचें आजोळ वचनाचें होतें. परंतु ताट वाढणें, आजारांत उशापाशीं बसणें, त्यांच्या हातांच्या खुणा समजून घेऊन त्या इतरांस सांगणें, हें सर्व घरांतल्या एका विधवा आत्याबाईंनीं चाळीस वर्षें केलें. तिचें नांव त्या कागदावर कोठेंच नाहीं. तिलाही अन्नवस्त्रच होतें. ती वारल्यावर चुलते दोन वर्षें जगले. या दोन वर्षांत त्यांच्या खुणा घरांत कोणास नीटशा समजत नसत. स्मृतिकारांनीं पोषणाचें कर्तव्य पुरुषावर घातलें, पण त्या पोषणाचें काम कोणी करावयाचें तें सांगितलें नाहीं. संहिताकारानें त्या कामांतून निघालेलें ज्ञान घेतलें आणि कोणाचें तें सांगितलें नाहीं. दोन्हीं शास्त्रांत एकच जागा कोरी आहे.

ही जागा भरून काढणारें साधन कोठें असेल तर तें आपल्या वाचकांच्याच संग्रहीं असण्याचा संभव आहे. वैद्य घराण्यांच्या बाडांत ग्रंथांच्या नकलांबरोबर सुटीं पानें असतात : मोडींत लिहिलेले काढे, मुलांच्या दुखण्यांच्या याद्या, कोणाच्या सांगण्यावरून काय दिलें याच्या टिपा. संग्राहक बहुधा मूळ ग्रंथ जपतात व हीं पानें रद्दींत जातात. अशा पानांत कोणा आईच्या, आजीच्या किंवा सुइणीच्या सांगण्याचा उल्लेख आढळल्यास त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी, अशी आमची विनंति आहे. तसेंच जुन्या वाड्यांतून नेहमीच्या मापाहून मोठा पांगुळगाडा कोणाच्या पाहण्यांत आल्यास त्याचें माप कळवावें. मोठा गाडा म्हणजे मोठ्या मुलाचा गाडा, आणि आमच्या कल्पनेस तेवढा एक दृश्य आधार मिळेल.

संहितेंत माप नाहीं, म्हणून आमच्या गाड्याचें येथें देतों. मुलाची उंची त्या वेळीं एकोणचाळीस इंच होती. काखेखालची दांडी जमिनीपासून पंचवीस इंच. मागच्या दोन चाकांमधील अंतर वीस इंच. चाकें सहा इंच व्यासाचीं, पुढचें एक, मागचीं दोन. लांकूड जुन्या सागवानी पलंगाचें. तळाच्या फळीवरील दगड सुमारें पांच किलोचा. आठव्या वर्षीं दांडी सहा इंच वर घेतली व दगड दुप्पट केला. हल्लीं तो गाडा आमच्याकडे नाहीं. तात्यांनीं गेल्या कार्तिकांत तो मागून नेला. पलीकडच्या आळींत एक चार वर्षांची मुलगी आहे, तिच्यासाठीं दांडी पुन्हां खालीं आणावयाची होती.